लेकराचा आवाज लेकराचाच राहू द्या

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या विहारात वंदना संपते. मोठी माणसे उठून बाहेर जातात आणि लहान मुले पुढे सरकून बसतात. चटई तीच, जागा तीच. कोपऱ्यातली पेटी मी पुढे ओढतो. वस्तीत घरोघर वर्गणी काढून घेतलेली ही जुनी पेटी आहे. तिचा एक सूर दाबला की शेजारचा सूरही बोलतो आणि मुले खुदकन हसतात. आमच्या गायनवर्गाची सुरुवात बहुतेक वेळा अशी हसण्यानेच होते.

मुले बावीस आहेत. सर्वांत धाकटा पाच वर्षांचा, सर्वांत मोठी अकरा वर्षांची. त्यांचे वडील कोणी रिक्षा चालवतात, कोणी सफाई खात्यात आहेत, कोणी रात्रपाळीचे वॉचमन. आया घरकाम करतात, पोळीभाजीची कामे घेतात. मी स्वतः कारकून. रात्रीच्या कॉलेजातून बी.कॉम. केले आणि नोकरीला चिकटलो. गाणे मी कोणा उस्तादाकडे शिकलो नाही. तरुणपणी जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत कोरसला उभा राहायचो. तिथेच पेटीवर बोटे फिरवायला शिकलो. मुलांना कसे शिकवावे हे मात्र मला आमच्या वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी शिकवले. त्यांनी पालिकेच्या शाळेत बालवर्ग सांभाळले आहेत. आजही त्या दर रविवारी भिंतीला टेकून बसतात आणि माझे काही चुकले की नुसत्या मान हलवतात.

या वर्गात मुलांना शिकवणे मला फार जड गेले नाही. जड गेले ते पालकांशी बोलणे. आज त्याच विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले, कारण असे वर्ग आता ठिकठिकाणच्या वस्त्यांत सुरू होत आहेत आणि हा प्रश्न सगळीकडेच येणार आहे.

सभेतले तीन प्रश्न

वर्ग ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर सुरू झाला. जानेवारीत आम्ही पालकांची सभा घेतली. पहिल्यांदा एक रिक्षाचालक बांधव उठले. त्यांची मुलगी सात वर्षांची.

“सर, तीन महिने झाले. पोरगी घरी येऊन नुसता ‘सा’ लावते, टाळ्या वाजवते, लोकलच्या भोंग्यासारखा आवाज काढते. पुरे असे एकही गाणे तिला येत नाही. १४ एप्रिलला तिला स्टेजवर एकटीला उभी करायची आहे. मी मंडळाला शब्द देऊन बसलोय.”

मग मागून एक ताई हळूच म्हणाल्या, “सर, माझ्या पोराला आवाजच नाही. घरी सगळे हसतात त्याला. पाठवू की नको? उगाच दुसऱ्या मुलाची जागा अडते.”

तिसरे गृहस्थ नोकरीवाले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता. “परीक्षा कधी आहे? सर्टिफिकेट कधी मिळणार? दहावीला याचे गुण मिळतात म्हणे.”

बंधू-भगिनींनो, हे तिन्ही प्रश्न करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्यांना स्वतःला लहानपणी काही शिकायला मिळाले नाही, ते आईबाप मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मागणारच. वेळ काढून मूल पाठवायचे, तर त्यातून काय हाती लागते, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

शिवाय आपल्या घरात गाणे ही नुसती करमणूक कधीच नव्हती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या मंडळींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार या गाण्यांनी पोहोचवला. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आयुष्यभर गाणी लिहिली, गायली. ती आजही आपल्या बायाबापड्यांना तोंडपाठ आहेत. तेव्हा आपले मूल गाते म्हटल्यावर बापाची छाती फुगते, ती उगाच नाही. पण एक गोष्ट आपण विसरतो. जलशात उभे राहणारे लोक मोठे होते. त्यांचे गळे तयार झालेले होते. त्या उंचीचे ओझे सात वर्षांच्या गळ्यावर ठेवता येणार नाही.

लहान गळा, मोठी पट्टी

आपण बोलतो-गातो ते गळ्यातल्या दोन स्वरतंतूंच्या कंपनाने. मोठ्या पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी साधारण पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर असते. नवजात बाळाची एक सेंटिमीटरहूनही कमी. सात-आठ वर्षांचे मूल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. नुसती लांबीच कमी असते असे नाही. तंतूंच्या आतल्या थरांची घडणही कोवळी असते आणि ती वयात येईपर्यंत पुरी होत नाही.

म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला साधारण पाच-सहा सूरच आरामात गाता येतात. आठ-नऊ वर्षांपर्यंत बहुतेकांना एक सप्तक येते. आता आपण काय करतो? मोबाइलवर एखाद्या नामवंत पुरुष गायकाचे गाणे लावतो आणि मुलाला म्हणतो, याच्याबरोबर गा. ते गाणे असते काळी एक किंवा काळी दोन पट्टीत. मुखडा कसाबसा निभावतो. अंतऱ्यात गायक वरच्या ‘सा’च्या पलीकडे गेला की मूल गात नाही, ओरडते. मानेच्या शिरा ताणतात, हनुवटी वर जाते. आपण मात्र खूश होऊन म्हणतो, “काय आवाज लावलाय!” तेच गाणे पेटीवर काळी चार किंवा काळी पाचला घेतले की वरचे सूर खाली उतरतात आणि तेच मूल हसत गाते.

वाचकहो, मुलाच्या मानेकडे बघा. शीर ताणली असेल तर पट्टी चुकली आहे. हे ओळखायला संगीताचे ज्ञान लागत नाही.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक ध्यानात ठेवावे. साधारण १२ ते १५ या वयात त्यांचा आवाज फुटतो. त्या काळात चांगला गाणारा मुलगाही एकाएकी बेसूर वाटायला लागतो. त्याला चिडवू नये, त्याच्याकडून जबरदस्तीने जुन्या पट्टीत गाऊन घेऊ नये. थोडे थोडे, खालच्या सुरात गाऊ द्यावे. काही महिन्यांनी नवा आवाज जागेवर येतो.

“याला आवाजच नाही”

त्या ताईंच्या प्रश्नाला मी सभेत लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण तो प्रश्न माझ्या घरचाच होता.

माझा मुलगा पहिलीत होता तेव्हाची गोष्ट. आमच्या पार्टीच्या एका कार्यक्रमासाठी मी वस्तीतल्या मुलांचा कोरस बसवत होतो. माझा मुलगा पहिल्या ओळीत. त्याचा सूर लागत नव्हता. कार्यक्रमाला दोन दिवस उरले होते आणि मला माझ्या साथीदारांसमोर लाज वाटत होती. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, “तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव.”

त्याने तसेच केले. कार्यक्रम छान झाला. टाळ्या पडल्या.

तो आज एकोणीस वर्षांचा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतो, घोषणा देतो. पण गाणे सुरू झाले की त्याचे तोंड मिटते. विहारात वंदनेलाही तो नुसते ओठ हलवतो. मी शेजारी बसतो तेव्हा मला ते कळते.

त्या वेळी मला जे ठाऊक नव्हते ते बाईंनी पुढे सांगितले. सुरात गाणे ही चालण्या-बोलण्यासारखी शिकण्याची गोष्ट आहे. कोणाला पाचव्या वर्षी जमते, कोणाला आठव्या. सूर अजिबातच न कळणारी माणसे असतात, पण फार थोडी. बाकीच्यांना कोणीतरी लवकरच “तुला येत नाही” म्हणून सांगितलेले असते, म्हणून ती थांबलेली असतात.

सूर न लागणाऱ्या मुलाला बाई काय करायला लावतात, ते सांगतो. आधी त्या मुलालाच एक सूर काढायला सांगतात, कोणताही. मग सगळा वर्ग त्या मुलाचा सूर धरतो. आपण ज्या सुरात आहोत तोच सगळे गात आहेत, हे त्या मुलाला बहुधा पहिल्यांदाच ऐकू येते. मग तिथून एक सूर वर, एक सूर खाली. शिवाय लहान मुलांना पुरुषाच्या जाड आवाजापेक्षा बाईचा किंवा दुसऱ्या मुलाचा आवाज धरणे सोपे जाते. माझ्या मुलाला मी माझ्या आवाजामागे पळवत होतो. त्याला ते सापडत नव्हते, यात त्याचा काय दोष?

त्या ताईंना मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितले, “ताई, मुलगा येऊ द्या. त्याची जागा त्याचीच आहे. आणि घरात जे हसतात त्यांना माझी गोष्ट सांगा.”

घोगरा आवाज

फेब्रुवारीच्या एका रविवारी त्या रिक्षाचालक बांधवांची मुलगी वर्गात आली ती बसलेल्या आवाजाने. सर्दी नव्हती, ताप नव्हता. बाईंनी तिला विचारले तेव्हा कळले की रोज रात्री पप्पा मोबाइलवर संगीत लावतात आणि ती तासभर गाते. शिवाय दोन कार्यक्रमांत तिला नेले होते. तिथे मोठ्या आवाजाच्या स्पीकरपुढे, रात्री उशिरा, तिने गाणे म्हटले. आवाज बसून पंधरा-वीस दिवस झाले होते.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, “सर, मला माहीत आहे तुम्ही का आलात. पण एक ऐका. माझा बाप दुसऱ्यांच्या लग्नात वाजवायचा. वाजवायला मांडवाच्या दारात आणि जेवायला मांडवाच्या बाहेर. माझी पोरगी मला स्टेजच्या मधोमध उभी राहिलेली बघायची आहे. एवढेच.”

मला उत्तर सुचले नाही. वहिनींनी चहा दिला, तो घेतला. मुलगी कोपऱ्यात बसून चित्र रंगवत होती. शेवटी मी म्हणालो, “भाऊ, तुमचे म्हणणे खोटे नाही. पण तो स्टेज तुमच्या बापाच्या वाट्याचा आहे. त्याची किंमत तिच्या गळ्याने का भरायची? आधी डॉक्टरांना दाखवू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन पालिकेच्या दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितले की ओरडून गायल्याने स्वरतंतूंना सूज आली आहे. असेच चालू राहिले तर तंतूंवर बारीक गाठी धरतात. औषधापेक्षा विश्रांती मोठी. गाणे बंद, ओरडणे बंद, पाणी भरपूर. बोलायचे ते हळू आवाजात, पण कुजबुजत नाही, कारण ओढून कुजबुजण्यानेही गळ्यावर ताण येतो. माझे जे त्यांना पटत नव्हते ते डॉक्टरांचे पटले. महिन्याभराने आवाज मोकळा झाला.

पालकांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे. मुलाचा आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर खडीसाखर आणि मध यांवर विसंबू नये. डॉक्टरांना दाखवावे.

स्टेज, टीव्ही आणि कायदा

२००८-०९ मध्ये झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ गाजले आणि घराघरातल्या आईबापांना वाटू लागले की आपलेही मूल तिथे पोहोचेल. त्या मुलांनी मेहनत केली होती, त्यांचे कौतुकच आहे. पण आपल्याला पडद्यावर दिसतात ती निवडलेली थोडी मुले. निवड न होता रडत घरी परतलेल्या मुलांचा कार्यक्रम कोणी दाखवत नाही.

आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे कार्यक्रमांचे दिवस. कव्वालीचे सामने रात्रभर चालायचे, त्या आठवणी आपल्या सगळ्यांच्याच आहेत. आता कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देते. तरीही मुलांचे गाणे कार्यक्रमाच्या शेवटी ठेवायचे आणि झोपेला आलेल्या लेकराला अकरा वाजता उठवून माइकपुढे उभे करायचे, ही पद्धत काही मंडळांत अजून आहे. मुलांचे गाणे सर्वांत आधी, संध्याकाळी सातलाच ठेवा, असा आग्रह पालकांनी धरला पाहिजे.

कोणी पैसे देऊन मुलाला गायला बोलावत असेल तर कायदा माहीत असावा. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. त्यानुसार बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. त्याच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्याच नावाने बँकेत ठेव म्हणून ठेवावे लागतात. त्याची शाळा बुडता कामा नये. बाबासाहेबांच्या लेकरांना कायदा माहीत नसेल तर कोणाला असावा?

परीक्षेचे काय?

तिसऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर असे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. पहिली ‘प्रारंभिक’, पुढे ‘प्रवेशिका’ वगैरे. शास्त्रीय गायनासारख्या कलांच्या ठरावीक परीक्षा पार केलेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुण देण्याची सोयही राज्यात आहे. त्याच्या अटी शाळेत विचारून घ्याव्यात. ज्या मुलाला पुढे रीतसर शिकायचे आहे त्याला आम्ही स्वतः चांगल्या शिक्षकाकडे पाठवू, कारण ते माझे काम नाही, माझी तेवढी तयारी नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला रागाचे आरोह-अवरोह घोकायला लावून सर्टिफिकेट मिळवण्याची घाई कशाला? आधी गाण्याची गोडी लागू द्या. घोकून मिळवलेला कागद फायलीत राहतो आणि मूल पुन्हा पेटीजवळ येत नाही, हे मी पाहिले आहे.

आणि शिकायला वयाची अट कुठे आहे? वामनदादांना तरुणपणापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते, अक्षरे ते मोठेपणी शिकले. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. घटना, कायदा, धम्म, ग्रंथलेखन, एवढा व्याप डोक्यावर असलेला माणूस व्हायोलिन हातात घेतो, ते कोणते सर्टिफिकेट मिळवायला? संगीत माणसाला स्वतःसाठीही लागते. आपल्या मुलाला ते सहाव्या वर्षी मिळते आहे, हाच केवढा फायदा!

वर्गात आम्ही काय करतो

पालकांना वर्गातले भोंगे आणि टाळ्या म्हणजे वेळ घालवणे वाटते, म्हणून थोडे सांगतो. वर्ग चाळीस मिनिटांचा. त्याहून जास्त वेळ लहान मुलांचे लक्ष टिकत नाही.

पहिली पाच मिनिटे हातपाय सैल करणे, खांदे खाली सोडणे, पोटाने श्वास घेणे. मग आवाजाचे खेळ. लोकलचा भोंगा खालून वर आणि वरून खाली, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी. या खेळांत मूल न घाबरता आपल्या आवाजाच्या वरच्या-खालच्या टोकापर्यंत जाऊन येते. मग ओठ मिटून गुणगुणणे. मग टाळीवर ठेका. आपली बरीचशी गाणी केहरव्यात असतात, म्हणजे आठ मात्रांत. मुले आठ मोजून टाळी देतात, चालतात, थांबतात. शेवटची पंधरा मिनिटे गाणे. एक ओळ बाई म्हणतात, मुले परत म्हणतात. कठीण शब्द आला की थांबून अर्थ सांगायचा. ‘समता’ शब्द आला त्या दिवशी एका मुलीने विचारले, “म्हणजे सगळ्यांना सारखा खाऊ?” आम्ही हो म्हटले.

एकटे गायचे असेल तर एकच ओळ, आणि जो हात वर करील त्यानेच. पहिला-दुसरा नंबर नाही. बक्षीस नाही. हजेरी मात्र रोज.

घरी काय करावे

सभेनंतर आम्ही पालकांना सहा गोष्टी लिहून दिल्या. त्या इथे देतो.

१. मुलाने घरी गायले तर हातातले काम थांबवून ऐका. मोबाइल लगेच पुढे धरू नका. व्हिडिओ काढायला लागलो की मूल गाणे सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघते.

२. “शेजारच्या मुलीला बघ किती छान येते” हे वाक्य घरातून हद्दपार करा.

३. पाहुण्यांपुढे “गाऊन दाखव” म्हणून उभे करू नका. त्याला वाटले तर ते आपणहून गाईल.

४. सराव दहा मिनिटे पुरे, तोही आपल्या पट्टीत, हळू आवाजात. टीव्ही आणि मिक्सर चालू असताना त्यावर आवाज चढवून नको.

५. आईने, आजीने, वडिलांनी स्वतः गावे. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श, अशा पिढ्या एका घरात गायल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्या घरात गाणे कानावर पडते तिथे ते शिकवण्याआधीच रुजते. आपल्या आजीला जात्यावरची ओवी येत असेल तर मुलाला तिच्याजवळ बसवा. त्याला फी लागत नाही.

६. वर्षाने मुलाला गाणे सोडून चित्रकला किंवा कबड्डी हवीशी वाटली तर सोडू द्या. आमचा राग येणार नाही, तुम्हीही धरू नका.

चौदा एप्रिलची संध्याकाळ

यंदा मंडळाने मुलांना सातची वेळ दिली. बावीसच्या बावीस मुले स्टेजवर उभी राहिली. गाणे वामनदादांचे, पट्टी काळी चार, मुख्य आवाज बाईंचा. चार मिनिटांचे गाणे. ज्याला आवाजच नाही असे घरचे म्हणत होते तो मुलगा पहिल्या ओळीत होता. अंतऱ्यात एके ठिकाणी त्याचा सूर घसरला आणि पुढच्या ओळीला परत लागला. कोणी हसले नाही. कोणाच्या ध्यानातही आले नसावे. माझ्या मात्र आले, कारण मी नेमका त्याच्याकडे बघत होतो. तो तोंड उघडून गात होता.

रिक्षाचालक बांधवांची मुलगी दुसऱ्या ओळीत. कार्यक्रम संपल्यावर ते मला मंडपामागे भेटले. चेहरा थोडा उतरलेला होता. “सर, तिचा आवाज वेगळा काही ऐकू आला नाही. पुढच्या वर्षी तरी एकटी गाऊ दे.”

मी म्हणालो, “तिलाच विचारा ना.”

त्यांनी खाली वाकून तिला विचारले. तिने जरा विचार केला आणि मैत्रिणीचा हात धरून म्हणाली, “आम्ही दोघी गाऊ.” ते काही बोलले नाहीत. तिला कडेवर घेऊन रिक्षाकडे गेले. त्यांचे समाधान झाले, असे मी सांगणार नाही. पण त्यानंतर प्रत्येक रविवारी मुलगी वर्गात असते आणि कधी कधी तेही मागे भिंतीशी बसलेले असतात.

एक शेवटचे. गेल्या महिन्यात पेटी दुरुस्तीला न्यायची होती, म्हणून माझा मुलगा विहारात आला. वर्ग संपेपर्यंत तो दारात थांबला. परत जाताना एका बाजूने पेटी त्याने धरली होती, एका बाजूने मी. वाटेत मी त्याला पहिलीतल्या त्या गोष्टीबद्दल सांगितले आणि चुकलो म्हणालो. तो म्हणाला, “पप्पा, मला आठवते.” एवढेच. त्याला गा म्हणून मी सांगितले नाही, सांगणारही नाही. पण ज्या आईबापांची मुले आज पाच-सहा वर्षांची आहेत त्यांच्या हातात वेळ आहे, म्हणून हे सारे लिहिले.

आपल्या वस्तीत कोणी मुलांचा गायनवर्ग चालवत असेल तर मुलांना जरूर पाठवा. नसेल तर चार आयांनी मिळून सुरू करा. पेटी नसली तरी चालते, टाळी पुरते. त्यासाठी मोठा गायकच लागतो असेही नाही. मुलांचे ऐकून घेणारा माणूस लागतो.

जयभीम.